केरळची सहल, मालवणचे घर की बदामी-हंपी?

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी 46 वर्षांची असून कोल्हापुरात एका सहकारी बँकेत नोकरी करते. घरात पती, 71 वर्षांच्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी अशी आम्ही पाच माणसे आहोत. लग्नकार्ये सोडली तर गेल्या सहा वर्षांत आम्ही कोठेही गेलेलो नाही. या वर्षी दिवाळीनंतर आठवडाभर बाहेर पडायचे ठरले आहे आणि सव्वा लाखापर्यंत खर्च करता येईल. पण कोठे जायचे आणि कसे, यावर घरात एकमत होत नाही. नणंदबाईंचे म्हणणे, सहल कंपनीबरोबर केरळला जा. सात दिवस, माणशी 31,000 रुपये, कर आणि विमानाचे तिकीट वेगळे. पतींना आमच्या छोट्या गाडीने मालवणला जाऊन स्वयंपाकघर असलेले घर आठवडाभर भाड्याने घ्यायचे आहे, म्हणजे जेवणाखाण्याचा खर्च वाचेल. मुलाला पाठीवर पिशवी टाकून हंपीला जायचे आहे आणि तो नदीपलीकडच्या कॅफेंचे व्हिडिओ सर्वांना दाखवत असतो. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली आहे. त्या ‘तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते’ एवढेच म्हणतात. त्यांचे माहेर वारकरी, आणि आमची कुलदेवता बदामीची बनशंकरी, जिच्या दर्शनाला लग्नानंतर एकदाच जाणे झाले. अशा वेळी काय करावे?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी लक्षात आले की त्यात नणंदबाईंचे म्हणणे आहे, पतींची योजना आहे, मुलाचा हट्ट आहे आणि सासूबाईंचा नकारही आहे, परंतु ‘मला’ हा शब्द एकदाही आलेला नाही. हा दोष म्हणून सांगत नाही. तीनही पर्यायांकडे मी तुमच्या बाजूने पाहणार आहे आणि त्या-त्या सहलीत सकाळी सात वाजता तुम्ही काय करत असाल, हे प्रत्येक वेळी विचारणार आहे, एवढे आधीच सांगून ठेवते.

पतींच्या योजनेपासून सुरुवात करू. मालवण सुंदर आहे, कोल्हापूरहून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे आणि एकाच ठिकाणी मुक्काम टाकून रोज सामान न बांधता राहणे, हा सुट्टीचा माझ्या मते सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत चांगला प्रकार आहे. अडचण एकाच शब्दाची आहे, तो म्हणजे स्वयंपाकघर. पाच माणसांच्या सात न्याहाऱ्या आणि चौदा जेवणे ज्या घरात होणार, तेथे सकाळी सात वाजता तुम्ही परक्या गॅसच्या शेगडीवर चहा ठेवून डब्यांतून साखर शोधत असाल. मासळी बाजारातून सुरमई आणण्याचा उत्साह पतींचा असेल आणि ती साफ करून रात्री भांडी घासण्याचे काम कोणाकडे येईल, हे तुम्हाला ठाऊक आहे. हॉटेलचे जे पैसे वाचतात, ते तुमच्या रजेतून वाचतात. मालवण, देवबाग, तारकर्ली या भागात घरगुती निवास-न्याहारीची सोय भरपूर आहे, जेथे घरची बाईच सोलकढीसह ताट वाढते. मालवणला जायचे तर असे जा, आणि दोन-तीन दिवसांसाठी जा. त्यासाठी सहा वर्षांनी मिळालेला आठवडा खर्ची घालण्याचे कारण मला दिसत नाही, कारण कोणत्याही जोडून आलेल्या शनिवार-रविवारी तुम्ही तेथे पोहोचू शकता. सासूबाईंचा विचार केला तर वाळूतून चालणे आणि सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी धक्क्यावरून डोलत्या होडीत पाय टाकणे या दोन्ही गोष्टी नव्या गुडघ्याला सोप्या नाहीत.

नणंदबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. सहल कंपन्यांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे, परंतु ज्या बाईला वर्षभर घरात ‘आज काय करायचे’ या प्रश्नाचे उत्तर दिवसातून तीनदा द्यावे लागते, तिच्यासाठी सात दिवस कोणताही निर्णय न घेण्याचे मोल फार मोठे असते. कोठे थांबायचे, काय खायचे, गाडी का आली नाही, खोलीत गरम पाणी का नाही, हे सर्व दुसऱ्या कोणाचे डोकेदुखीचे काम होते. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना, पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांना आणि समवयस्क सोबत हवी असलेल्या ज्येष्ठांना मी स्वतः असा सल्ला दिलेला आहे.

तुमच्या घरासाठी मात्र हा हिशेब जमत नाही. पाच जणांचे 1,55,000 रुपये, त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 1,62,750 रुपये. मुलीला काही सवलत मिळाली तरी विमानाची तिकिटे आणि कोल्हापूरहून विमानतळ गाठण्याचा खर्च राहतोच. जाहिरातीतला दर बहुधा एका खोलीत दोघे या हिशेबाने असतो. तुम्ही पाच जणे, म्हणजे दोन खोल्या आणि एक जादा अंथरूण, आणि ते जादा अंथरूण पुष्कळदा जमिनीवर टाकलेली गादी असते, जिच्यावरून गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने उठणे म्हणजे दोघांनी हात देण्याचा प्रसंग असतो. शिवाय कोची, मुन्नार, थेक्कडी, आलप्पुळा असा नेहमीचा मार्ग धरला तर एक दिवसाआड चार-चार तासांचा वळणावळणाचा बसप्रवास येतो. सहलींचा ‘सहा-सात-आठ’ हा मंत्र तुम्ही ऐकला असेल: सहाला उठणे, सातला न्याहारी, आठला बसमध्ये. सकाळी सात वाजता तुम्ही सासूबाईंचे गुडघ्याचे व्यायाम उरकून, मुलीची वेणी घालून, चाळीस माणसे आपल्यासाठी खोळंबणार तर नाहीत ना, या धास्तीत असाल.

ही धास्ती मी अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी एका कंपनीबरोबर राजस्थानला गेले होते. सात दिवसांत पाच शहरे झाली. व्यवस्था वाईट नव्हती, जेवण तर उत्तम होते. परंतु परतल्यावर शेजारणीने विचारले तेव्हा आईने वर्णन केले ते बसमध्ये समोरच्या सीटच्या पाठीवर असलेल्या जाळीच्या पिशवीचे: तिचे एक टोक उसवले होते, त्यातून चष्म्याचे घर सारखे खाली पडे आणि वाकून ते उचलावे लागे. उदयपूरचा तलाव तिला आठवत नव्हता. त्या दिवशी बसमधून उतरण्याचे त्राणच तिच्यात उरले नव्हते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

केरळबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे परतीचा नव्हे तर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो, ज्याला ते तुलावर्षम म्हणतात. सकाळ लख्ख आणि दुपारनंतर विजांसह सरी, असा त्याचा स्वभाव. हाउसबोटीचे जे आकर्षण आहे, ती बोटही संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधून ठेवतात, कारण त्यानंतर मासेमारांची जाळी पाण्यात पडतात. केरळला अवश्य जा, पण जानेवारी-फेब्रुवारीत, पैसे साठवून, आणि चार ठिकाणांऐवजी दोनच ठिकाणी.

आता मुलाचे हंपी. त्याला प्रथम एक सांगा: तो दाखवतो ते नदीपलीकडचे कॅफे विरुपापुर गड्डी या बेटावरचे असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये तेथील बांधकामे पाडली गेली. जुने व्हिडिओ मात्र फिरत राहतात. तरीही मुलाची निवड मला तिघांमध्ये सर्वांत योग्य वाटते. त्याने सुचवलेली पद्धत बदलावी लागेल, एवढेच. पाठीवर पिशवी टाकून, मिळेल त्या बसने, मिळेल त्या खोलीत राहण्याची गंमत विसाव्या वर्षी चार मित्रांबरोबर असते. तीन पिढ्यांच्या सहलीत प्रत्येक अनिश्चित गोष्टीची किंमत सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान माणूस मोजतो.

आणि येथे तुमच्याच पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मी पुढे आणते. कुलदेवता बदामीची, आणि बदामीहून हंपी दीडशे किलोमीटरच्या आत. म्हणजे सासूबाईंची बनशंकरी आणि मुलाचे हंपी ही एकाच रस्त्यावरची ठिकाणे आहेत, हे तुमच्या घरात कोणाच्या ध्यानात कसे आले नाही, याचे मला नवल वाटते. कदाचित आपण देवदर्शन आणि सहल यांचे दोन वेगळे कप्पे करून ठेवतो म्हणून असेल.

माझी सूचना सहा दिवस आणि पाच रात्रींची आहे, मुक्काम दोनच: बदामीत दोन रात्री आणि हंपीजवळ, होस्पेट किंवा कमलापूरला, तीन. पहिल्या दिवशी कोल्हापूरहून निघून बेळगावला थांबा, कुंदा घ्या, जेवा आणि संध्याकाळपर्यंत बदामीला पोहोचा. त्या दिवशी दुसरे काही करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बनशंकरी. मंदिर बदामीपासून पाच किलोमीटरवर आहे आणि पौषातले शाकंभरी नवरात्र नसल्यामुळे गर्दी बेताची असेल. तुमच्या घरचा कुळाचार, ओटीत काय घालायचे, नैवेद्य कोणता, हे सासूबाईंकडून आधी लिहून घ्या.

बदामीच्या चार गुंफांपैकी पहिली थोड्याच पायऱ्यांवर आहे आणि अठरा हातांचा नटराज तेथेच, गुंफेच्या उजव्या अंगाला कोरलेला आहे. सासूबाईंनी तेवढे पाहून खाली यावे, बाकीच्यांनी तिसऱ्या गुंफेपर्यंत चढावे, जिच्यात शके 500 म्हणजे सन 578 चा शिलालेख आहे. माकडे फार आहेत. हातातली पिशवी, विशेषतः खाऊची, गाडीतच ठेवा. पट्टदकल हे त्या परिसरातले सपाट जमिनीवरचे, हिरवळीत उभे असलेले मंदिरांचे संकुल, गुडघेदुखीवाल्यांसाठी जणू मुद्दाम केलेले. तेथील विरूपाक्ष मंदिर पाहताना मुलांना वेरूळच्या कैलासाचे चित्र दाखवा. कैलास लेण्यावर या मंदिराची छाप आहे असे अभ्यासक मानतात, आणि दोन्ही शेजारी ठेवले की ते शाळकरी डोळ्यांनाही दिसते. वेळ उरला तर ऐहोळे. तेथील मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिरात दुसऱ्या पुलकेशीचा सन 634 चा शिलालेख आहे, ज्यात तीन महाराष्ट्रांचा आणि त्यांतील 99,000 गावांचा उल्लेख येतो. दहावीच्या मुलाला त्या दगडासमोर उभे करावे, असे मला फार वाटते. पण तुम्ही थकला असाल तर ऐहोळे सोडून द्या आणि त्याची खंत बाळगू नका.

हंपीत सर्व पाहण्याचा अट्टहास धरू नका. ते तीन दिवसांत होत नाही आणि तीन आठवड्यांतही होत नाही. विजय विठ्ठल मंदिर हे सासूबाईंसाठी. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती येथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा वारकरी माहेर असलेल्या बाईला तुम्ही सांगण्याची गरज नाही. ती तुमच्या मुलांना सांगण्याची गरज आहे आणि ते काम त्यांचेच आहे. वाहनतळापासून मंदिरापर्यंतच्या सुमारे एक किलोमीटरसाठी बॅटरीवरची गाडी मिळते. पन्नास रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ याच आवारात आहे. मुलीला नोट हातात देऊन तो शोधायला लावा. त्याच दिवशी तेच तिकीट राणीवशाच्या आवारात, कमलमहाल आणि हत्तीखान्याकडेही चालते, त्यामुळे ते फेकू नका. एका पहाटे बाप-लेकांनी मातंग टेकडीवर सूर्योदयाला जावे. वाट खडकाळ आहे, विजेरी लागेल. त्या पहाटे सात वाजता तुम्ही झोपलेल्या असाल किंवा खोलीबाहेर खुर्ची टाकून दुसऱ्या कोणी केलेला चहा पीत असाल. हा या योजनेतला माझ्या दृष्टीने मुख्य कार्यक्रम आहे. पाचव्या दिवसाची दुपार पूर्ण रिकामी ठेवा. शुक्रवारी पुरातत्त्व खात्याची संग्रहालये बंद असतात, एवढे वार ठरवताना पाहा.

प्रवास कशाने करावा? रेल्वेचा विचार मी केला, कारण कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्स्प्रेस होस्पेटवरून जाते आणि गुडघ्याला बसून राहण्यापेक्षा डब्यात चार पावले टाकता येणे चांगले. पण बदामी त्या मार्गावर नाही, गाडी बदलण्यासाठी पूल चढावे लागतात, आणि स्थानिक फिरण्यासाठी वाहन लागतेच. पुढे कधी रेल्वेने गेलात तर एक ध्यानात ठेवा: ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे, पुरुषांना 60 आणि स्त्रियांना 45 वर्षांपासून; तो तिकिटावर अशा एक किंवा दोनच व्यक्ती असतील तर मिळतो. पाचही जणांचे एकत्र तिकीट काढले की तो गेला. तुमचे आणि सासूबाईंचे तिकीट वेगळे काढा. तुम्हीही त्यात बसता. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होते.

तुमच्या छोट्या गाडीला मालवणसाठी मी हरकत घेतली नसती. या सहलीसाठी मात्र चालकासह सात आसनी गाडी भाड्याने घ्यावी असे सुचवते, म्हणजे सासूबाईंना पाय लांब करता येईल, उंच आसनावरून उतरणे सोपे जाईल आणि मुख्य म्हणजे पतींनाही सुट्टी मिळेल. एकूण अंतर हजार किलोमीटरच्या आसपास भरेल, पण भाडे ठरवताना रोजचे किमान किलोमीटर किती धरले आहेत ते विचारा. ते तीनशे असतील तर सहा दिवसांचे अठराशेचे पैसे द्यावे लागतील, प्रत्यक्ष कितीही चाललात तरी. चालकाचा भत्ता, टोल, वाहनतळाचे पैसे आणि कर्नाटकात प्रवेशाचा काही कर असल्यास तो कोणाकडे, हे कागदावर घ्या. वीस रुपये दराने 36,000 आणि वरचे पाच हजार धरू. दोन खोल्या, प्रत्येकी 3,000 रुपये, पाच रात्री, म्हणजे 30,000. जेवणखाण माणशी रोज 800 या हिशेबाने 24,000. उत्तर कर्नाटकातल्या खानावळींत ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी मिळतात, तेव्हा एवढे लागणारही नाहीत. तिकिटे, वाटाड्या, ओटी-नैवेद्य आणि खरेदीला दहा हजार. बेरीज 1,05,000 होते आणि वीस हजार हाताशी राहतात. हे दर माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्याकडच्या गाडीवाल्याच्या दराने दुरुस्त करून घ्या.

सासूबाईंचे ‘मी घरी थांबते’ हे वाक्य मी शब्दशः घेणार नाही, आणि तुम्हीही घेत नसाल. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका ‘मला नको’ असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना ‘माझ्यामुळे तुमची अडचण नको’ असे म्हणायचे असते. त्यामुळे ‘तुम्ही येता का?’ असे विचारलेत तर तेच उत्तर पुन्हा मिळेल. ‘बनशंकरीला जायचे ठरवतो आहोत, ओटीचे सर्व तुम्हालाच सांगावे लागेल’ असे म्हणून पाहा. मात्र त्याआधी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा: सलग किती वेळ बसलेले चालेल, एका वेळी किती पायऱ्या, काठी की वॉकर, सूज आली तर काय करायचे. एवढे सांगूनही त्या खरोखरच नको म्हणाल्या, तर त्यांना ओढून नेऊ नका. नणंदबाईंना आठवडाभर माहेरी येऊन राहण्याची विनंती करा आणि बनशंकरीचा प्रसाद घेऊन या.

खोल्या ठरवताना संकेतस्थळावरच्या छायाचित्रांवर विसंबू नका, हॉटेलात स्वतः फोन करा. तळमजल्यावरची खोली आहे का, नसेल तर लिफ्ट चालू आहे का, न्हाणीघरात कमोड आणि धरायला दांडी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, एवढे चार प्रश्न पुरेत. आणि जादा अंथरूण म्हणजे खाट की गादी, हा पाचवा. हंपी उत्सवाच्या तारखा तुमच्या आठवड्यात येत नाहीत ना, हेही पाहा, कारण त्या दिवसांत होस्पेटला खोली मिळणे कठीण. बदामीत बरी म्हणावीत अशी हॉटेले मोजकीच आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचीही मंडळी तिकडे वळतात, तेव्हा बदामीचा फोन आधी करा, होस्पेटचा नंतर.